लोखंडाच्या मुलखातली बाग: इन्होतीम दोन दिवसांत कसं पाहावं

इन्होतीम या ब्राझीलमधल्या कला-बागेला पहिल्यांदा जाणारी बरीच माणसं एक चूक करतात, मीही केली. फाटकाशी नकाशा मिळाला, दालनं मोजली आणि एकेकावर खूण करत सुटलो. संध्याकाळी पोटऱ्या भरून आल्या होत्या, फोनमध्ये दोनशे फोटो होते, आणि कुठलं काम कुठल्या झाडीत होतं ते विचाराल तर सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नकाशा खिशात ठेवला आणि सात-आठच ठिकाणं पाहिली. खालची सगळी आखणी त्या दुसऱ्या दिवसावर बेतलेली आहे.

आधी, हे नेमकं आहे काय

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, बेलो होरिझोंते शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर ब्रुमाजिन्यो नावाचं गाव आहे. त्याच्या कडेला बेर्नार्दो पाझ या खाणउद्योगपतीची शेतजमीन होती. तिथे त्यानं आधी बाग वाढवली, मग समकालीन कलेचा संग्रह, आणि २००६ साली दोन्ही लोकांसाठी खुलं केलं. २०१० मध्ये या जागेला वनस्पती उद्यानाचा अधिकृत दर्जा मिळाला. आज सुमारे १४० हेक्टर आवार फिरता येतं. त्यात वीसहून जास्त दालनं, उघड्यावर मांडलेली अनेक कामं, तळी, आणि चार हजारांहून जास्त जातींची झाडं-झुडपं आहेत.

आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते जमिनीचं. मिनास जेराइस या नावातच खाणी आहेत. हा सगळा पट्टा लोहखनिजाचा; माती गडद तांबडी, पावसात रक्तासारखी वाहते. बागेचा पैसा याच मातीतून आला. आणि इथली कित्येक कामं, कलाकारांच्या मनात असो वा नसो, पुन्हा त्या मातीशी आणि लोखंडाशीच येऊन भिडतात. हा धागा हाताशी ठेवलात तर निवड करणं सोपं जातं. मी तरी तसंच केलं.

नावाचा उच्चार तेवढा शिकून जा. लिहितात 'इन्होतीम', पण तिथली माणसं 'इन्योचीं' असं काहीसं म्हणतात. टॅक्सीवाल्याला लिखित उच्चार सांगितलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. दंतकथा अशी की इथे पूर्वी टिम नावाचा कुणी इंग्रज राहायचा, त्याला लोक 'न्यो टिम' म्हणजे 'टिमसाहेब' म्हणत, त्याचंच हे नाव झालं.

पायरी १: महिना आणि वार ठरवा

दक्षिण गोलार्ध आहे, तेव्हा हिशोब उलटा. ऑक्टोबर ते मार्च पावसाळा आणि उन्हाळा एकत्र: सकाळी चटके, दुपारी ढग गडगडून सर. मे ते सप्टेंबर कोरडा मोसम, सकाळी गारवा, आकाश स्वच्छ. चालायला हा काळ उत्तम. पण पावसाळ्यात झाडं जी फोफावतात त्याला तोड नाही. वनस्पतींसाठीच जाणार असाल तर ओलं व्हायची तयारी ठेवून पावसाळाच धरा. तेव्हा बाहेरची कामं सकाळी आणि दालनं दुपारी, हा क्रम मोडू नका.

आठवड्याच्या सुरुवातीला आवार बंद असतं, सोमवारी तर नक्कीच. वेळा आणि फुकट प्रवेशाचे दिवस अधूनमधून बदलतात, म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर बघून तिकीट तिथूनच काढा. फुकटच्या दिवशी आणि शनिवार-रविवारी गर्दी होते. दोन सलग दिवस हवेत, त्यामुळे गुरुवार-शुक्रवार हा जोड मला सगळ्यात सोयीचा वाटला.

एकच दिवस असेल तर? जा, पण निम्मंच पाहा. अर्ध्या आवाराकडे चक्क पाठ फिरवायची. हे जमत नसेल तर दिवसाचा विचका होतो.

पायरी २: पीतज्वराची लस

ही पायरी लोक विसरतात आणि विमानतळावर अडकतात. मिनास जेराइस पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) पट्ट्यात येतं, आणि तुम्ही दिवसभर झाडीत, डासांत फिरणार आहात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ब्राझीलहून भारतात परतताना तिचं पिवळं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. एकदा घेतलेल्या लशीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, म्हणून ते पासपोर्टमध्येच खोचून ठेवा. लस फक्त नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथे वाराचं बंधन असतं. महिनाभर आधी चौकशी करा.

पायरी ३: मुक्काम आणि जाणं-येणं

बेलो होरिझोंतेत राहून रोज ये-जा करता येते. शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतणारी बस मिळते. तिचे वार आणि तिकीट आधी बघून ठेवा, कारण परतीची गाडी चुकली तर भुर्दंड मोठा पडतो. पण दोन दिवस देणार असाल तर ब्रुमाजिन्योतच मुक्काम करा. छोट्या खानावळवजा निवासांची तिथे सोय आहे, आणि फाटक उघडताच आत शिरता येतं. तो पहिला तास सोन्याचा.

या गावाबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. २५ जानेवारी २०१९ रोजी जवळच्या खाणीतला, 'वाले' नावाच्या खाणकंपनीचा, गाळ साठवायचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. चिखल इन्होतीमच्या आवारात आला नाही, पण तिथे काम करणाऱ्या अनेकांच्या घरची, ओळखीची माणसं त्यात होती. संस्था काही दिवस बंद राहिली. तुम्हाला वाट दाखवणारा, गाडी चालवणारा माणूस याच गावचा असणार. कुतूहल म्हणून तो विषय आपणहून काढू नका.

पायरी ४: पिशवीत काय असावं

इथे कपड्यांचा संबंध थेट कलाकृतींशी येतो, म्हणून जरा सविस्तर.

बंद बूट हवेतच. सिल्दो मेइरेलेस या कलाकाराच्या एका कामात फुटक्या काचांवरून चालायचं असतं. चपला घालून आलात तर दारातूनच परत. त्याच वेळी बूट पटकन काढता-घालता येणारे असावेत, कारण कोस्मोकोका नावाच्या दालनात ते बाहेर ठेवायचे असतात. मोजे धड असू द्या. माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि ते तिथे सगळ्यांनी पाहिलं.

पोहण्याचे कपडे आणि टॉवेल घ्या. हे थट्टेत सांगत नाही. होर्खे माकी या अर्जेंटिनाच्या कलाकारानं पत्ते-फोन लिहायच्या वहीच्या आकाराचा तलाव केला आहे. पानांच्या कडेला अक्षरांच्या खाचा असतात ना, त्या इथे पाण्यात उतरायच्या पायऱ्या झाल्यात. त्यात उतरायला परवानगी आहे. कोस्मोकोकातही एका खोलीत पोहण्याचा तलाव आहे.

याशिवाय टोपी, डासांचं मलम, पाण्याची बाटली, आणि पावसाळ्यात पातळ रेनकोट. पांढरे कपडे टाळा.

पायरी ५: पहिला दिवस, तळ्यांच्या बाजूनं

नकाशावर वाटा रंगांनी विभागलेल्या आहेत. पहिल्या दिवशी मध्यभागातल्या, चालत पोचता येणाऱ्या ठिकाणांवर भर द्या.

सुरुवात एका झाडापासून करा. तांबोरील नावाचा प्रचंड वृक्ष आहे, शिरीषाच्या गोतातला. त्याच्या शेंगा माणसाच्या कानासारख्या वळलेल्या. इन्होतीमची ही खूणच म्हणा. आवारात ठिकठिकाणी उगो फ्रान्सा या कारागिराची लाकडी बाकं दिसतील, पेकी वृक्षाच्या आडव्या पडलेल्या खोडांतून जवळजवळ अखंड कोरलेली. अशा बाकावर दहा मिनिटं बसा आणि दिवसाची पाच-सहा ठिकाणं ठरवा. त्याहून जास्त नकोत.

मग यायोई कुसामा या जपानी कलाकाराचं 'नार्सिसस गार्डन'. एका इमारतीच्या गच्चीवर उथळ पाणी, त्यावर स्टेनलेस स्टीलचे ५०० गोळे. वारा आला की ते सरकतात, एकमेकांवर टिचकी मारल्यासारखे वाजतात. प्रत्येक गोळ्यात आकाश, माड आणि मध्ये तुम्ही, बोटभर. १९६६ साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, कुसामानं असे गोळे आमंत्रण नसताना हिरवळीवर मांडले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विकायला काढले होते. सकाळी लवकर गेलात तर गोळ्यांत तुमच्याशिवाय कुणी नसतं. कुसामाचं वेगळं दालनही २०२३ पासून आहे. तिथे आत थोडीच माणसं, थोडाच वेळ सोडतात आणि रांग वाढत जाते. जायचं असेल तर दुपारची वाट बघू नका.

त्यानंतर सिल्दो मेइरेलेस. याला मी पहिल्या दिवसाचा गाभा म्हणेन. 'तांबड्याकडे वळण' अशा अर्थाच्या नावाचं त्याचं काम तीन टप्प्यांत आहे. पहिली खोली म्हणजे साधी बैठकीची खोली, पण सोफा, गालिचा, फ्रिज, चित्रं, भांडी, सगळं तांबडं. लोक इथे हसतात, फोटो काढतात आणि निघून जातात. निघू नका. पुढे अंधाऱ्या वाटेवर जमिनीवर एक छोटीशी बाटली आडवी पडलेली, आणि तिच्यातून सांडलेला तांबडा द्रव बाटलीत मावेल त्याच्या किती तरी पट पसरलेला. त्याच्याही पुढे, मिट्ट काळोखात, तिरपं लावलेलं एक बेसिन, आणि नळातून वाहणारं तांबडं पाणी. पाण्याचा आवाज पहिल्या खोलीपासूनच येत होता, हे तेव्हा लक्षात येतं. कल्पना १९६७ ची, उभारणी १९८४ ची. मधल्या काळात ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. बाहेर आलात की पायाखाली तीच तांबडी माती.

'आरपार' हे त्याचं दुसरं काम, काचांचं. कुंपणं, जाळ्या, काटेरी तारा, पडदे, अगदी मत्स्यालयसुद्धा, असे नाना अडथळे मांडलेत. सगळ्यांतून पलीकडचं दिसतं, पण सरळ जाता येत नाही. मधोमध सेलोफेनचा भला मोठा चुरगळलेला गोळा. प्रत्येक पावलाला काच कुरकुरते. चालण्याची लय आपोआप मंदावते, आणि शेजारचा अनोळखी माणूसही पाऊल जपून टाकताना ऐकू येतो.

दुपारी आद्रियाना वारेजाऊचं दालन. पाण्यावर तरंगल्यासारखा काँक्रीटचा चौकोन, २००८ चा. आत पोर्तुगीज निळ्या-पांढऱ्या फरशांच्या धर्तीवर रंगवलेली भिंतभर समुद्राची लाट आहे, पण फरशा मुद्दाम विस्कळीत जोडलेल्या. दुसरीकडे टाइल लावलेली एक पडकी भिंत उभी आहे आणि तिच्या आत विटांऐवजी मांस आणि आतडी दिसतात. लहान मुलं सोबत असतील तर ही भिंत आधी तुम्ही बघून या.

लिजिया पापेच्या दालनासाठी एक युक्ती. तिथे काळोखात सोनेरी तारा वरून खाली ताणून लावल्यात, आणि त्या प्रकाशाच्या तिरिपांसारख्या भासतात. उन्हातून थेट आत शिरलात तर पहिली दोन मिनिटं काही दिसतच नाही, आणि लोक तेवढ्यातच बाहेर पडतात. दाराशी थांबा, डोळे स्थिरावू द्या, मग चाला. तुम्ही हललात की काही तारा विझतात, काही पेटतात.

उरलेला वेळ हेलियो ओयतिसिकाच्या रंगीत भिंतींपाशी घालवा. 'मॅजिक स्क्वेअर' मालिकेतलं पाचवं काम, १९७७ चं: हिरवळीवर पिवळ्या, केशरी, गुलाबी, निळ्या उभ्या भिंती. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात रंग एकमेकांवर सांडतात. दुपारी बाराला तेच काम सपाट वाटतं.

पायरी ६: दुसरा दिवस, टेकडीवर

आज विजेच्या छोट्या गाडीचा पास घ्या. वेगळे पैसे पडतात, पण लांबचे चढ तिनं करावेत. उतरताना मात्र पायीच या.

डग एटकेनचा 'सॉनिक पॅव्हिलियन' (२००९) हे माझ्या मते इथलं सर्वांत ताकदीचं काम. टेकडीवर काचेची गोल खोली आहे आणि मध्ये जमिनीत एक भोक. ते सुमारे २०० मीटर खोल जातं. आत वेगवेगळ्या खोलीवर मायक्रोफोन सोडलेत आणि पृथ्वीच्या पोटातला आवाज त्याच क्षणी खोलीत ऐकू येतो. कधी गुरगुर, कधी दूरच्या मालगाडीसारखी घरघर, कधी नुसता दाब. पहिल्या पाच मिनिटांत 'हे काय, काहीच नाही' असं वाटेल. वीस मिनिटं भिंतीला टेकून बसा. आमच्यासमोर तीन गट आले आणि गेले. चौथ्या वेळी आम्ही दोघंच होतो, आणि खालून जे आलं त्यानं अंगावर काटा उभा राहिला. ज्या मुलखात जमिनीला भोक पाडतात ते खनिज काढायला, तिथे हे भोक नुसतं ऐकायला पाडलं आहे.

तिथून क्रिस बर्डनचं 'बीम ड्रॉप'. २००८ मध्ये ४५ मीटर उंच क्रेनवरून ७१ पोलादी तुळया ओल्या काँक्रीटच्या खड्ड्यात एकामागून एक सोडल्या. जशा रुतल्या तशाच त्या उभ्या आहेत, कुणी तिरकी, कुणी दुसरीला खेटून. लांबून ते दृश्य उधळलेल्या काडेपेटीसारखं दिसतं. जवळ जाऊन गंज पाहा: त्याचा आणि मातीचा रंग एकच. बर्डननं हा प्रयोग १९८४ साली न्यूयॉर्क राज्यात आधी केला होता, पण ते काम तीन वर्षांत पाडलं गेलं.

निलगिरीच्या दाट लागवडीत मॅथ्यू बार्नीचे काचेचे घुमट दिसतील. आत चिखलानं माखलेलं एक अजस्र ट्रॅक्टर आणि त्याच्या पंजात पांढरं झाड. खाण आणि जंगल यांचं नातं इतकं उघड मांडलं आहे की मला ते जरा ढोबळच वाटलं. तरी तांबड्या वाटेनं निलगिरीतून चालत तिथवर जाणं चुकवू नये.

मध्येच हलकं काहीतरी हवं असेल तर मारिला दार्दोचं काम शोधा. मातीच्या कुंड्या, प्रत्येक कुंडी एका अक्षराच्या आकाराची. अक्षरं निवडायची, माती भरायची, बी पेरायचं आणि हिरवळीवर शब्द मांडायचा. मुलं इथून हलत नाहीत.

क्लाउदिया आंदुहार यांच्या दालनाला किमान एक तास ठेवा. १९७० च्या दशकापासून त्यांनी यानोमामी आदिवासींमध्ये राहून काढलेली शेकडो छायाचित्रं इथे आहेत. सोन्याच्या खाणींमागे आलेले रोग, लसीकरण, गळ्यात नंबर लटकवलेले चेहरे. थकल्यावर शेवटी उरकण्यासारखं हे दालन नाही, जेवणाआधी पाहा.

शेवटी कोस्मोकोका. ओयतिसिका आणि नेविल द'आल्मेइदा यांनी १९७३ मध्ये कल्पिलेल्या पाच खोल्या: कुठे झुल्यांत पडून भिंतींवरची चित्रं बघायची, कुठे फुग्यांत, कुठे पाण्यात. दिवसभराच्या चालीनंतर झुला मिळाला की अर्ध्या तासानं कुणीतरी हलवून उठवावं लागतं.

पायरी ७: झाडं कलाकृतींसारखीच पाहा

इथे ताड-माडांचा संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे, आणि अळूच्या कुळातल्या वनस्पतींचाही. पण पाट्या वाचत गेलात तर कंटाळाल. त्यापेक्षा प्रत्येक दोन दालनांमधल्या वाटेवर एकच झाड निवडा आणि त्याच्यापाशी थांबा. पान खोडाला कुठे चिकटलं आहे? मूळ कुठून सुटलंय? वांडा जातीच्या ऑर्किडांची एक वेगळी बाग आहे. मातीविना लोंबणारी त्यांची मुळं बघण्यासारखी. वांडा हे नाव संस्कृतातून गेलेलं, झाडावर वाढणाऱ्या झाडासाठीचं. औषधी, सुगंधी आणि विषारी वनस्पतींची एक बाग आहे, तिथे मार्गदर्शकासोबतच हात लावा.

दोन कामं अशी आहेत की कला संपते कुठे आणि बाग सुरू होते कुठे, ते कळू नये. जुझेप्पे पेनोनेनं एका चेस्टनट वृक्षाचा ब्राँझमध्ये साचा घेतला आणि तो जमिनीपासून अधांतरी, पोलादी पायांवर उभा केला. भोवती पाच खरी झाडं लावली आहेत. ती वाढत जाऊन त्या धातूच्या झाडाला आधार देतील, अशी योजना. म्हणजे तुम्ही पाहाल ते काम अजून पुरं झालेलं नाही. जवळ जाऊन ब्राँझची साल आणि खरी साल शेजारी-शेजारी पाहा. दुसरं क्रिस्तिना इग्लेसियासचं: झाडीत चकचकीत स्टीलचा चौकोन, ज्यात जंगलच दिसतं म्हणून तो दिसतच नाही. आत शिरायच्या फटी शोधा. भिंती ओतीव पानांनी भरलेल्या आहेत, आणि एका वाटेच्या टोकाला पाणी खळाळतं.

ब्राझील लांब पडत असेल तर

हीच चाल इतरत्रही उपयोगी पडते. मेक्सिकोत कुलियाकान शहराच्या वनस्पती उद्यानात समकालीन कलाकारांची कामं झाडांमध्ये विखुरली आहेत. तिथे जेम्स टरेलचं आकाश पाहण्याचं दालन आहे. ते पहाटे किंवा सूर्यास्तालाच पाहावं, एरवी नाही. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला १९९५ मध्ये सुरू झालेलं फ्रेडरिक मायर उद्यान आहे, काचगृहं आणि शिल्पं दोन्हींचं. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात सेराल्वेसचं संग्रहालय आल्वारो सिझानं १९९९ मध्ये १९३० च्या दशकातल्या जुन्या बागेच्या कडेला बांधलं. तिथे दालनात अर्धा दिवस आणि बागेत अर्धा, असा हिशोब ठेवा.

परतताना

शेवटचा पाऊण तास रिकामा ठेवा आणि तांबोरीलच्या बाकावर परत या. बी, शेंग, माती काहीही खिशात टाकू नका, कानासारखी ती शेंग कितीही मोह पाडो. आणि निवासावर गेल्यावर बुटांचे तळवे बाहेरच्या नळाखाली ब्रशनं घासून धुवा, मगच बॅगेत ठेवा. मी तसं केलं नाही. घरी आल्यावर सदऱ्याच्या पाठीवर बुटाच्या नक्षीचा तांबडा ठसा निघाला, आणि चार धुण्यांनंतरही तो तसाच आहे.